भुंगेऱ्यांच्या वर्गीकरणावर पीएचडी: पात्रता, वनखात्याची परवानगी आणि लागणारी कागदपत्रं

भुंगेऱ्यांच्या वर्गीकरणात करिअर करायचं तर कागदोपत्री दोन दारं ओलांडावी लागतात. एक विद्यापीठाचं, दुसरं वनखात्याचं. पहिल्याबद्दल विद्यार्थी सतत विचारत असतात: टक्के किती हवेत, नेट (राष्ट्रीय पात्रता परीक्षा) लागते का, फेलोशिप कोणती मिळेल. दुसऱ्याची आठवण बहुतेकांना पीएचडीची नोंदणी झाल्यावर, मे महिन्यात होते. तोवर एक हंगाम हातचा गेलेला असतो, कारण आपल्याकडचे बहुतेक भुंगेरे वळवाच्या सरींपासून पुढे पावसाळाभर दिसतात आणि परवानगीची फाइल सरकारी चालीनेच चालते. म्हणून पहिलं दार इथे झटपट ओलांडू आणि दुसऱ्यापाशी जरा थांबू.

आधी विषय नेमका करा. जगात आजवर भुंगेऱ्यांच्या सुमारे ४ लाख जातींना शास्त्रीय नावं मिळाली आहेत. शेणकिडे, काजवे, उसाच्या मुळांवर बसणाऱ्या हुमणीचे भुंगेरे, तांदळातले सोंडकिडे, नारळावरचा गेंड्या भुंगा, मावा खाणारे ढालकिडे, हे सगळे याच गणातले. ‘मला भुंगेऱ्यांवर काम करायचंय’ एवढं मार्गदर्शकाला सांगून भागत नाही. एखादं कुळ, बऱ्याचदा एखादं उपकुळच घ्यावं लागतं. ते निवडताना आवडीपेक्षा एक प्रश्न मोठा: त्या कुळाचे नीट नावं लावलेले जुने नमुने तुम्हाला कुठे पाहायला मिळणार आहेत? पुण्यात आकुर्डीला भारतीय प्राणी सर्वेक्षणाचं पश्चिम प्रादेशिक केंद्र आहे, मुंबईत बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचा संग्रह आहे, दिल्लीत पुसाच्या कृषी संशोधन संस्थेत राष्ट्रीय कीटक संग्रह आहे, बंगळुरूला कृषी कीटक संसाधनांचं राष्ट्रीय ब्युरो आहे. तुलनेला नमुना नसेल तर हातातला भुंगेरा नवा की जुना हे ठरवणं फार अवघड.

शैक्षणिक पात्रता

दोन वाटा आहेत. प्राणिशास्त्रात बीएस्सी, एमएस्सी ही एक. दुसरी कृषीची: बीएस्सी कृषी आणि मग राहुरी, अकोला, परभणी किंवा दापोलीच्या कृषी विद्यापीठात कीटकशास्त्रात एमएस्सी. शुद्ध वर्गीकरणाकडे ओढा असेल तर पहिली सरळ वाटते, पण कीटक हाताळण्याचा, टाचणीवर लावण्याचा आणि जपण्याचा सराव कृषीवाल्यांना जास्त झालेला असतो. माझं मत विचाराल तर नोकरीच्या दृष्टीनेही कृषीची वाट अधिक भरवशाची.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) २०२२ च्या नियमांनुसार पीएचडीला पदव्युत्तर पदवीत ५५ टक्के लागतात, राखीव प्रवर्गांना ५ टक्के सवलत आहे. चार वर्षांची पदवी ७५ टक्क्यांनी उत्तीर्ण झालेल्यांनाही थेट अर्ज करता येतो. मुदत कमीत कमी ३ आणि जास्तीत जास्त ६ वर्षं. मुलींना यात २ वर्षांपर्यंत जादा मिळू शकतात. नोकरी सांभाळून करायची असेल तर मालकाचं किंवा कार्यालयाचं ना-हरकत प्रमाणपत्र अर्जासोबतच द्यावं लागतं.

प्रवेशासाठी विद्यापीठाची पेट (पीएचडी प्रवेश परीक्षा) किंवा नेट. महाराष्ट्र-गोव्याची सेट (राज्य पात्रता परीक्षा) सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ घेतं. ती सहायक प्राध्यापकपदासाठी चालते, पण तिच्यावर फेलोशिप मिळत नाही. फेलोशिप हवी असेल तर सीएसआयआर-यूजीसी नेट, विषय जीवशास्त्र. २०० गुण, तीन तास, चुकीच्या उत्तराला २५ टक्के गुण कापतात. जेआरएफला (कनिष्ठ संशोधन फेलोशिप) पहिली दोन वर्षं महिना ३७,००० रुपये आणि नंतर एसआरएफ (वरिष्ठ) म्हणून ४२,००० मिळतात, शिवाय घरभाडं. या पेपरात वर्गीकरणावर फार भर नाही. जीवविविधता, परिसंस्था आणि उत्क्रांती या घटकांत आपलं माणूस गुण खेचतं, बाकी पेशी आणि रेणूंचा अभ्यास करण्यावाचून सुटका नाही.

नेट हुकली तरी राज्याच्या संस्था आहेत: अनुसूचित जातींसाठी बार्टी, मराठा-कुणबी समाजासाठी सारथी, इतर मागास आणि भटक्या-विमुक्तांसाठी महाज्योती, आदिवासी विद्यार्थ्यांसाठी टीआरटीआय. इथे पीएचडी नोंदणीचं पत्र, जात प्रमाणपत्र, जात वैधता, अधिवास, लागू असेल तिथे नॉन-क्रीमीलेयर, आणि दुसरी फेलोशिप घेत नसल्याचं हमीपत्र ही कागदपत्रं सामान्यपणे मागतात. एक गोष्ट लक्षात असू द्या: केंद्राच्या परीक्षेला ओबीसी प्रमाणपत्र केंद्रीय नमुन्यातलंच लागतं, आणि राज्याचं एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग) प्रमाणपत्र तिथे चालत नाही. जात वैधतेचा अर्ज पदवीला असतानाच टाकून ठेवा.

वनखात्याची परवानगी: कुणाला, कुठे लागते

‘साधा शेणकिडा तर आहे, त्याला कसली परवानगी?’ हा प्रश्न हमखास येतो. उत्तर जागेवर अवलंबून आहे.

अभयारण्यात वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ चं कलम २९ लागू होतं. मुख्य वन्यजीव रक्षकांच्या परवान्याशिवाय तिथून कोणताही वन्यजीव काढून नेता येत नाही, मग तो अनुसूचीत, म्हणजे कायद्याच्या संरक्षित यादीत, असो वा नसो. राष्ट्रीय उद्यानासाठी हीच तरतूद कलम ३५ मध्ये आहे. अभ्यासासाठी नुसतं आत जायचं तरी कलम २८ खाली प्रवेश परवाना लागतो. भुंगेऱ्याची जात अनुसूचीतली असेल तर ती जंगलाबाहेर सापडली तरी कलम १२ चा परवाना हवा. कायद्याच्या व्याख्येत प्राणी पकडणं हीसुद्धा शिकारच आहे, त्यामुळे बोटाच्या पेराएवढ्या किड्यासाठी तुम्ही रीतसर शिकारीचा परवाना मागत असता. हसू आलं तरी अर्जात कलम बरोबर लिहा. २०२२ च्या दुरुस्तीने अनुसूची बदलल्या. १ एप्रिल २०२३ पासून सहाच्या जागी चार आहेत आणि त्यातल्या पहिल्या दोन प्राण्यांच्या. तेव्हा जुन्या प्रबंधातून अनुसूचीचे क्रमांक उचलू नका, नवीन यादीच पाहा.

हे नियम कागदावरच राहतात असं समजू नका. २००८ मध्ये दार्जिलिंगजवळच्या सिंगालीला राष्ट्रीय उद्यानात विनापरवाना कीटक गोळा केल्याबद्दल दोन चेक नागरिकांना अटक झाली. त्यातला एक भुंगेऱ्यांच्या अळ्यांचा जगन्मान्य अभ्यासक होता. न्यायालयाने दोघांनाही दोषी ठरवलं.

आता अर्ज कुणाकडे करायचा ते. राधानगरी, कळसूबाई-हरिश्चंद्रगड यांसारखी अभयारण्यं, राष्ट्रीय उद्यानं आणि व्याघ्र प्रकल्प यांच्यासाठी अर्ज नागपूरला प्रधान मुख्य वनसंरक्षक (वन्यजीव) यांच्याकडे जातो. महाराष्ट्राचे मुख्य वन्यजीव रक्षक तेच. व्याघ्र प्रकल्प असेल तर प्रत क्षेत्र संचालकांना द्या: सह्याद्रीसाठी कोल्हापूर, मेळघाटासाठी अमरावती. साध्या राखीव जंगलासाठी त्या त्या विभागाच्या उपवनसंरक्षकांना भेटा. गडचिरोलीत मेंढा-लेखासारख्या गावांकडे सामूहिक वनहक्क आहेत, तिथे आधी ग्रामसभेपुढे बसून काम समजावून सांगा आणि ठरावाची प्रत घ्या. देवराईतही गावकऱ्यांशी बोलल्याशिवाय सापळा लावू नका. गोव्यात काम असेल तर परवानगी गोव्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकांची. महाराष्ट्राचं पत्र तिळारीच्या पलीकडे चालत नाही. शेत किंवा बाग खासगी असेल तर मालकाचं लेखी संमतिपत्र ठेवावं. पहिला हंगाम मी तरी शेतातच घालवायला सांगेन. पहिला पाऊस झाला की संध्याकाळी बांधावरच्या कडुनिंबावर आणि बाभळीवर हुमणीचे भुंगेरे गोळा होतात. हात बसायला तेवढं पुरे.

अर्जासोबत काय जोडायचं

- संस्थेच्या लेटरहेडवर विभागप्रमुख किंवा प्राचार्यांचं पत्र (वैयक्तिक अर्ज सहसा पुढे सरकत नाही)
- पीएचडी नोंदणीचं पत्र आणि मार्गदर्शकांचं शिफारसपत्र
- संशोधन प्रस्ताव, चार-पाच पानांचा. मराठीत एक पानाचा सारांश जोडला तर परिक्षेत्र कार्यालयात उपयोग होतो
- सोबत येणाऱ्या प्रत्येकाचं नाव, ओळखपत्र आणि फोटो
- जागांची यादी: वनपरिक्षेत्र आणि शक्यतो कक्ष क्रमांकासह, नकाशावर खुणा करून
- नियम पाळण्याचं आणि अहवाल देण्याचं हमीपत्र
- आधीच्या परवान्याचा अहवाल, असल्यास

खरी कसोटी प्रस्तावाची. ‘विविध भुंगेऱ्यांचे नमुने गोळा करणे’ असं मोघम लिहिलं की शंका निघते आणि फाइल परत येते. कोणतं कुळ, प्रत्येक जातीचे जास्तीत जास्त किती नमुने, कोणत्या महिन्यांत, कोणत्या पद्धतीने, ते आकड्यांत लिहा. जमिनीत पुरलेल्या पेल्यांच्या सापळ्यात बेडूक आणि चिचुंद्र्याही पडतात. पेल्यावर जाळी बसवणार का, दिवसातून किती वेळा पाहणार, हे स्पष्ट करा. प्रकाश सापळ्यावर पतंग ढिगाने येतात. नको असलेले जिवंत सोडणार असं लिहा आणि तसं करा. रात्री थांबायचं असेल तर ते प्रस्तावातच आलं पाहिजे, कारण दिवसाच्या परवानगीवर रात्री आत राहता येत नाही. भंडारदऱ्याच्या परिसरात काजव्यांचा हंगाम चालू असताना दिवा लावून काम करणार असाल तर अधिकारी हरकत घेतील, आणि ती रास्तच असेल.

अर्ज दिवाळीच्या सुमारास गेला तर पुढच्या मृगाआधी त्रुटी दुरुस्त करायला हाताशी वेळ राहतो. परवानगी आल्यावर तिची प्रत घेऊन आधी वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांना भेटा, थेट जंगलात जाऊ नका. सोबत येणाऱ्या वनरक्षकाला काम दाखवा, भिंग हातात द्या. कोणत्या झाडाच्या कुजक्या खोडात काय असतं, हे त्याला तुमच्यापेक्षा जास्त माहीत असतं.

नमुने, नवीन जात आणि परदेश

भुंगेऱ्याला टाचणी उजव्या पंखकवचातून लावतात. तिच्यावरच्या चिठ्ठीवर ठिकाण, अक्षांश-रेखांश, उंची, तारीख, पद्धत आणि गोळा करणाऱ्याचं नाव हवंच. परवान्याचा क्रमांक नोंदवहीत प्रत्येक नमुन्यापुढे लिहा. शोधनिबंध पाठवताना नियतकालिकं तो मागतात, आणि दोन वर्षांनी आठवून लिहिता येत नाही.

नवीन जात सापडलीच तर जैविक विविधता अधिनियम २००२ चं कलम ३९ लागू होतं: तिची माहिती नियुक्त संग्रहालयाला कळवून नमुना तिथे जमा करावा लागतो. भारतीय प्राणी सर्वेक्षण हे असं एक संग्रहालय आहे. ज्या नमुन्यावर नाव बेतलं, तो घरच्या कपाटात ठेवता येत नाही. जमा करताना परवान्याची प्रत, नमुन्यांची यादी आणि मार्गदर्शकांचं पत्र सोबत न्या, आणि मिळालेला नोंदणी क्रमांक निबंधात छापा. निबंध फक्त ऑनलाइन निघणार असेल तर झूबँक या प्राण्यांच्या शास्त्रीय नावांच्या ऑनलाइन नोंदवहीत नोंदणी करून तो क्रमांकही निबंधात द्यावा लागतो. २०१२ पासून त्याशिवाय नाव ग्राह्य धरत नाहीत.

जर्मनीत किंवा अमेरिकेत शिकणाऱ्या मराठी मुलांसाठी एक इशारा. याच कायद्याच्या कलम ३ नुसार परदेशी नागरिकांप्रमाणेच अनिवासी भारतीयांनाही संशोधनासाठी जैविक संसाधनं घेण्याआधी चेन्नईच्या राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाची मान्यता लागते. सुट्टीत गावी येऊन सिंधुदुर्गातले भुंगेरे बाटलीत घालून परत नेणं बेकायदेशीर आहे, वय आणि हेतू काहीही असो. तज्ज्ञाला नमुना दाखवायचा असेल तर आधी फोटो पाठवा. बऱ्याच वेळा तेवढ्यावर भागतं.

पुढे नोकरी कुठे

जागा थोड्या आहेत, हे आधीच मान्य करून चाला. प्राणी सर्वेक्षणात प्रकल्पांवर जेआरएफ-एसआरएफच्या जाहिराती निघतात. कृषी शास्त्रज्ञ निवड मंडळाच्या परीक्षेत कृषी कीटकशास्त्र हा विषय आहे. महाविद्यालयात शिकवायचं तर नेट किंवा सेट. आणि एक सहसा न सुचणारी जागा: वनस्पती संगरोध विभाग, ज्याचं एक केंद्र मुंबईत आहे. बंदरात आलेल्या धान्यात सापडलेला भुंगेरा साठवलेलं धान्य फस्त करणारा खपरा आहे की त्याचा निरुपद्रवी भाऊबंद, हे सूक्ष्मदर्शकाखाली बघून सांगणारा माणूस तिथे लागतो, आणि त्याच्या उत्तरावर अख्खं जहाज अडतं किंवा सुटतं.