शेपूट एकेरी की दुहेरी? गोल्डफिशची टाकी तिथून ठरते

"गोल्डफिशला किती फुटी टाकी घेऊ?" ओळखीतलं कुणी ना कुणी मला हे विचारतंच. मी आधी उलट विचारतो, शेपूट कसं आहे? कारण 'गोल्डफिश' या एका नावाखाली दुकानात दोन वेगळ्या बांध्यांचे मासे मिळतात, आणि पुष्कळदा ते एकाच टाकीत फिरत असतात. शास्त्राच्या हिशेबाने जात एकच. चीनमध्ये हजारभर वर्षांपूर्वीपासून माणसाने निवडून निवडून वाढवलेला हा मासा. पण त्या निवडीतून अंगाची ठेवण इतकी बदलली आहे की एकाला सोसणारी टाकी दुसऱ्याला सोसत नाही.

ओळखायचं कसं? माशाच्या मागून, थोडं वरून बघा. कॉमेट आणि शुबुंकिन यांच्या शेपटीचा पर एकच असतो, उभा, मधे खाच असलेला. ओरांडा, रेडकॅप, ब्लॅक मूर, रंचू, फॅनटेल या फॅन्सी माशांची शेपटी दोन पाकळ्यांत फाकलेली दिसते. पोटावरून ठरवायला जाऊ नका. फॅन्सीचं लिंबासारखं गोल पोट पिल्लाच्या वयात नीट भरलेलं नसतं, तेव्हा दोघंही सारखेच सडपातळ वाटतात. (तोंडाशी बारीक मिशा दिसल्या तर तो गोल्डफिश नाहीच, कोय कार्प आहे. त्याला घरातली कुठलीच टाकी पुरत नाही.)

मी स्वतः इथेच फसलो. मुलीच्या हट्टापायी एका दुकानातून दोन पिल्लं आणली, एक रेडकॅप आणि एक लाल-पांढरं. "दोन्ही गोल्डफिशच, दोन फुटी टाकी भरपूर झाली," असं सांगितलं गेलं. दीड वर्षात लाल-पांढरा वीतभर झाला. तो कॉमेट होता. दाणे टाकले की तो सुसाट वर यायचा आणि रेडकॅप डुलत डुलत पोहोचेपर्यंत पाण्यावर काही उरलेलं नसायचं. रेडकॅपच्या डोक्यावरची मांसल टोपी डोळ्यांवर उतरलेली, त्यामुळे बिचाऱ्याला दाणा कुठे आहे हेही पटकन दिसत नसे. मी कितीतरी दिवस तो आजारी आहे असं समजून औषधं शोधत होतो. तो उपाशी होता. म्हणून या दोघांना एकत्र ठेवू नका, टाकी कितीही मोठी असली तरी.

आता मापाचं. कॉमेट फूटभर वाढू शकतो आणि त्याला सरळ लांब धाव लागते. चार फुटांपेक्षा लहान टाकी त्याच्यासाठी घेऊच नये, खरं तर त्याची जागा हौदातच. फॅन्सी 15 ते 20 सेंटिमीटरवर थांबतो आणि संथ पोहतो. इथेच बहुतेकांची गल्लत होते. मासा संथ, म्हणजे छोटी टाकी चालेल! धाव कमी लागते हे खरं, पण पाणी कमी लागत नाही. गोल्डफिशला जठर नसतं. खाल्लेलं सरळ आतड्यात जातं, म्हणून तो दिवसभर तोंड चालवतो आणि तेवढीच घाण करतो. शिवाय कल्ल्यांतून सतत अमोनिया सोडतो. हे विष पातळ ठेवायला लिटरच लागतात. 'टाकीएवढाच मासा वाढतो' असं ऐकायला मिळतं, पण छोट्या टाकीत खुरटलेला मासा खराब पाण्याने खुरटलेला असतो.

माझा हिशेब असा: पहिल्या फॅन्सीला 75 लिटर, पुढच्या प्रत्येकाला आणखी 40. आपल्याकडे टाक्या फुटांत मिळतात आणि एक घनफूट म्हणजे 28.3 लिटर. म्हणजे 2×1×1 फुटांची टाकी काठोकाठ 56 लिटरची. खडी घालून, वर चार बोटं सोडून भरली की 45 च्या आसपास. एका फॅन्सीलाही ती अपुरी. दोन फॅन्सींना 3×1¼×1¼ची टाकी घ्या, काठोकाठ 132 लिटर. पाण्याचंच वजन सव्वाशे किलोच्या घरात जातं, तेव्हा ती टीव्हीच्या टेबलावर ठेवू नका.

एवढंच पाणी उंच टाकीतही मावतं. 1½×1¼ फुटांचा तळ आणि अडीच फूट उंची. हॉलच्या कोपऱ्यात ती शोभते. पण प्राणवायू पाण्यात शिरतो तो वरच्या उघड्या पृष्ठभागातून, आणि या उंच टाकीचा पृष्ठभाग लांबट टाकीच्या बरोबर निम्मा आहे. गोल पोटाच्या माशाला वर-खाली करणंही जड जातं. पाण्याची उंची फूट-सव्वा फूट त्याला पुरे.

आमच्या सोलापुरात हा फरक जिवावर बेततो. 20 अंशांच्या पाण्यात लिटरमागे 9 मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो, 30 अंशांना साडेसात. मे महिन्यात बाहेर 42-43 असताना खोलीतलं पाणी तिशीच्या वर जातं, त्यात लाइट गेली की एअर पंप बंद. त्या तासाभरात माशाला आधार फक्त उघड्या पृष्ठभागाचा. आपला उन्हाळा कोरडा आहे, त्याचा फायदा घ्या. झाकण काढून जाळी टाका आणि टेबलफॅनचा वारा पाण्यावरून फिरवा, दोन-तीन अंश उतरतात. पाणी आटतं, तेवढी भर रोज घालायची. बर्फ मात्र थेट टाकू नका.

"नळाला रोज पाणी कुठे येतं, मोठी टाकी कशी परवडणार?" हे मला सगळ्यात जास्त वेळा ऐकावं लागतं, आणि ते खोटं नाही. पण माझ्या घरचा हिशेब बघा. दोन फुटी टाकीत अमोनिया इतका चढायचा की दिवसाआड निम्मं पाणी काढावं लागे, आठवड्याला 75 लिटरच्या पुढे. तीन फुटी आल्यापासून आठवड्यातून एकदा 40 लिटर बदलतो, तीन बादल्या. नळाचं पाणी आलं की एक ड्रम उघडा भरून ठेवतो आणि वापरताना अँटिक्लोरीन (नळाच्या पाण्यातलं क्लोरीन मारणारं औषध) घालतो. काढलेलं पाणी मोगऱ्याला जातं. बोअरचं पाणी वापरत असाल तर पीएच (पाणी आम्ल की अल्कधर्मी, याचं माप) जरूर तपासा. पीएच 7 वरून 8 वर गेला की त्याच अमोनियातला विषारी भाग जवळपास दहापट होतो. नव्या टाकीचा फिल्टर मुरायला, म्हणजे त्यात अमोनिया पचवणारे जिवाणू वाढायला, चार ते सहा आठवडे लागतात, तेवढ्यात घाईने मासे भरू नका.

कॉमेट मोठा झाल्यावर शेजाऱ्यांनी सुचवलं, गावातल्या कंबर तलावात सोडून द्या. कृपा करून असं कुणी करू नका. हा मासा तिथला नाही, तळ उकरून पाणी गढूळ करतो आणि तिथल्या माशांच्या तोंडचा घास घेतो. माझा कॉमेट मामांच्या शेतातल्या सिमेंटच्या हौदात गेला. वर शेडनेट, एका बाजूला ठिबकचा पंप. परवा गेलो तेव्हा मामी भाकरीचा चुरा टाकत होत्या आणि तो हौदाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एका दमात गेला.