गर्भपात आणि नवऱ्याची सही

गर्भपातासाठी दवाखान्यात गेलेल्या बाईला आजही बऱ्याच ठिकाणी आधी विचारतात, 'मिस्टर आलेत का?' कायद्याला त्या मिस्टरांशी काही कर्तव्य नाही. संमतीच्या 'फॉर्म सी'वर 'अमुक यांची मुलगी/पत्नी' एवढा मजकूर असतो. सही तिची एकटीची. ती 18 वर्षांखालची किंवा मानसिक आजारी असेल, तरच पालकांची लागते.

1860 च्या दंडसंहितेने तर बाईलाच आरोपी केलं होतं. कलम 312 प्रमाणे जीव वाचवण्यापुरता गर्भपात चालायचा. एरवी स्वतःचा गर्भ पाडणारीही गुन्हेगार. विधवेला दिवस गेले तर काय वाटा उरत, हे दिसत होतं म्हणूनच जोतीराव-सावित्रीबाईंनी 1863 मध्ये पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं.

पुढची शंभर वर्षं कायदा हलला नाही. चोरून केलेल्या गर्भपातांत बायका दगावत होत्या, म्हणून 1964 मध्ये शांतिलाल शाह समिती नेमली गेली. तिच्या शिफारशींवरून 1971 चा वैद्यकीय गर्भपात कायदा आला आणि 1 एप्रिल 1972 पासून लागू झाला. काळ कुटुंबनियोजनाचा होता, आणि ते कायद्यात दिसतं. त्याने डॉक्टरांना संरक्षण दिलं, निर्णयही त्यांच्याच मतावर सोपवला. बाईचा हक्क असा शब्द त्यात नाहीच. गर्भनिरोधक फसलं, ही सबब 'विवाहित स्त्री किंवा तिचा पती' यांच्यापुरती. नवऱ्याची सही तिथेही मागितलेली नाही. पण उद्या घरचे भांडायला आले तर, या धास्तीने ती घेतली जाऊ लागली.

मग सोनोग्राफी आली. लिंगनिदानाविरुद्ध महाराष्ट्राने 1988 मध्ये, केंद्राने 1994 मध्ये कायदा केला. तरी 2011 च्या जनगणनेत राज्यात हजार मुलग्यांमागे (0 ते 6 वर्षं) मुली 894 च. कारवाई हवीच होती, पण तिचा फटका भलत्यांनाही बसला. गर्भपाताच्या गोळ्यांवर नजर बसली, तेव्हा कित्येक औषध दुकानांनी त्या ठेवणंच सोडलं. सोनोग्राफी सेंटरवरचा फलक वाचून गर्भपातच बेकायदा आहे असं समजणाऱ्या बायका कमी नाहीत.

गर्भपाताच्या कायद्यात 2021 च्या दुरुस्तीने 'पती' जाऊन 'जोडीदार' आला, काही गटांसाठी मुदत 24 आठवड्यांवर गेली. 29 सप्टेंबर 2022 ला सर्वोच्च न्यायालयाने अविवाहितांनाही त्यात धरलं आणि डॉक्टरांना बजावलं: घरच्यांच्या संमतीसारख्या, कायद्यात नसलेल्या अटी लादू नका.