अस्थिऱ्हासाची दर्शके

हाडांची झीज आणि भरण किती वेगाने चालू आहे, हे रक्तातील किंवा लघवीतील ज्या पदार्थांच्या प्रमाणावरून कळते, त्यांना अस्थिऱ्हासाची दर्शके म्हणतात. हाड वरवर निर्जीव भासले, तरी प्रौढ माणसाच्या सांगाड्याचा सुमारे १० टक्के भाग दरवर्षी नव्याने घडत असतो. अस्थिभंजक पेशी जुने हाड दोन-तीन आठवड्यांत पोखरतात. तो खळगा भरायला अस्थिजनक पेशींना मात्र तीन-चार महिने लागतात. साहजिकच पोखरण्याचा वेग वाढला की भरण मागे पडते.

पोखरल्या जाणाऱ्या हाडातून कोलॅजेन या प्रथिनाचे तुकडे रक्तात उतरतात. त्यांपैकी सीटीएक्स हा तुकडा झिजेचे, तर नवे कोलॅजेन रचले जाताना सुटणारा पी-वन-एनपी हा भाग भरणाचे प्रमुख दर्शक मानला जातो. सीटीएक्सचे प्रमाण पहाटे सर्वाधिक असते, दुपारी उतरते आणि जेवणानंतर आणखी घटते. म्हणून रात्रभर उपाशी राहून सकाळी दिलेल्या रक्तावरच त्याची तपासणी करावी. एकदा सकाळी आणि एकदा दुपारी घेतलेल्या नमुन्यांची तुलना दिशाभूल करते. नुकतेच हाड मोडले असल्यास ही दर्शके काही महिने वाढलेली राहतात, आणि मूत्रपिंडे निकामी असल्यास सीटीएक्स रक्तात साचते.

या उलाढालीचा लगाम संप्रेरकांच्या हाती असतो. ईस्ट्रोजेन हे स्त्री-संप्रेरक अस्थिभंजक पेशींना आवरून धरते, म्हणून रजोनिवृत्तीनंतर ते घटले की झिजेची दर्शके झपाट्याने चढतात. गळ्यातील छोट्या परावटू ग्रंथींचे संप्रेरक रक्तातील कॅल्शियम घटताच वाढते आणि हाडांतून कॅल्शियम काढवून घेते. ड जीवनसत्त्व कमी पडले, तर आतड्यातून कॅल्शियम पुरेसे शोषले जात नाही, परावटू संप्रेरक चढते आणि तूट हाडांच्या साठ्यातून भरली जाते. भारतासारख्या भरपूर उन्हाच्या देशातही ही कमतरता सर्रास आढळते, कारण त्वचेचा गडद रंग, अंगभर कपडे आणि घरात किंवा कचेरीत जाणारा दिवस यांमुळे त्वचेत हे जीवनसत्त्व पुरेसे तयार होत नाही.

ड जीवनसत्त्वाची पातळी पाहताना यकृतात बनणारे २५-हायड्रॉक्सी रूप मोजतात. मूत्रपिंडात तयार होणारे क्रियाशील रूप मोजणे अधिक सयुक्तिक वाटेल, परंतु ते रक्तात काही तासच टिकते. शिवाय कमतरतेत वाढलेले परावटू संप्रेरक त्याची निर्मिती रेटते, त्यामुळे साठा रिता असूनही अहवाल चांगला दिसू शकतो.

ही दर्शके झिजेचा वेग सांगतात, शिल्लक हाड किती ते सांगत नाहीत. अस्थिसुषिरतेचे, म्हणजे हाडे विरळ व ठिसूळ होण्याच्या विकाराचे, निदान त्यांवरून होत नाही. त्यासाठी हाडांची घनता मोजावी लागते, आणि जागतिक आरोग्य संघटनेने १९९४ मध्ये त्यासाठी उणे २.५ किंवा त्याहून कमी टी-गुणांक (निरोगी तरुण प्रौढांच्या सरासरी घनतेपासूनचे अंतर दाखवणारा आकडा) हा निकष ठरवला. दर्शकांचा खरा उपयोग उपचार चालू झाल्यावर होतो. झीज रोखणाऱ्या बिस्फॉस्फोनेट औषधांनी घनतेत पडणारा फरक दिसायला वर्ष-दोन वर्षे जातात. सीटीएक्स मात्र तीन महिन्यांतच उतरते, आणि ते उतरले नाही तर औषध नियमित व योग्य रीतीने घेतले जाते का, ही चौकशी आधी करावी लागते. झीज रोखणाऱ्याच डेनोसुमॅब या दुसऱ्या औषधाचे इंजेक्शन मध्येच बंद केल्यास हेच दर्शक उपचारापूर्वीच्या पातळीच्याही वर उसळते आणि मणक्यांचे अस्थिभंग होऊ शकतात. त्यामुळे ते थांबवताना लगेच त्याच्या जागी वेगळे औषध सुरू करतात.