बांधावरची बाभूळ आणि ओढ्यातली येडी बाभळ

गावात 'बाभळी काढा' असं ठरतं, जेसीबी येतो आणि ओढ्यातल्या येड्या बाभळीबरोबर बांधावरची जुनी देशी बाभूळही आडवी होते. दोघींना काटे, दोघींचा पाला बारीक, दोघी कोरडवाहू मुलखात वाढणाऱ्या. पण शेतकऱ्याच्या दृष्टीने एक कमावती आहे आणि दुसरी जमीन बळकावणारी.

ओळखायची सोपी खूण म्हणजे फूल. देशी बाभळीला गोल, पिवळेधमक, सुवासिक गोंडे येतात. येडीला बोटभर लांब, फिकट हिरवट-पिवळा तुरा येतो. फुलं नसतील तर शेंग हातात घ्यावी. देशीची शेंग करडी, चपटी आणि दर दोन बियांमध्ये आवळलेली, ओवलेल्या मण्यांसारखी दिसते. येडीची पिकली की पिवळी, गरदार आणि चवीला गोड असते. देशीचा काळपट, भेगाळलेला बुंधा सहसा एकच. येडी बहुधा जमिनीपासूनच अनेक फांद्या फोडून जाळी करते. काट्यावरून मात्र ओळखायला जाऊ नये, दोघींचेही जोडीने येतात.

देशी बाभळीने बैलगाडीची चाकं दिली, औतं दिली, डिंक दिला, शेळ्या-मेंढ्यांना उन्हाळ्यात पाला आणि शेंगा दिल्या. तिच्या सावलीने बांधालगतचं पीक दबतं ही तक्रार खरी आहे, पण त्यावर फांद्या छाटणं पुरतं.

येडी बाभळ मूळची मेक्सिको, मध्य आणि दक्षिण अमेरिकेकडची. इंग्रज अमदानीत, १८७७ च्या सुमारास, ती भारतात आणली गेली. सरपण मिळावं, उजाड जमीन झाकली जावी हा हेतू होता. पुढे काय झालं ते कच्छच्या बन्नीत सगळ्यात स्पष्ट दिसतं. रणातला खार पुढे सरकू नये म्हणून १९६० च्या दशकात वनखात्याने तिथे ही बाभळ लावली. सुमारे २,५०० चौरस किलोमीटरच्या त्या गवताळ मुलखाचा मोठा भाग आज तिने व्यापला आहे. तिच्याखाली गवत फारसं वाढत नाही, आणि तिचा पाला गुरं सहसा तोंडात धरत नाहीत. शेंगा मात्र ती आवडीने खातात, आणि खरी गोम तिथेच आहे. बी पोटातून शाबूत बाहेर पडतं आणि शेणातच रुजतं, म्हणजे कळप जाईल तिथे नवं बन. शेंगांचा भडिमार झाला की गायींचे दात आणि पचन बिघडतं. म्हशींना त्या मानाने कमी त्रास होतो, म्हणून अनेक मालधारींनी, म्हणजे तिथल्या पशुपालकांनी, कांकरेज गायी कमी करून म्हशी वाढवल्या. एका झुडपाने पिढ्यान्‌पिढ्यांच्या पशुपालकांना जनावरंच बदलायला लावली, हे मला फार गंभीर वाटतं.

आपल्याकडे सोलापूर, मराठवाड्यात ओढे, तळ्यांचे काठ आणि पडीक रानं तिने अशीच धरली आहेत. मेंढरांची वाट बंद होते, पडीक शेत पुन्हा वाहितीखाली आणायचा खर्च वाढतो. तरी तिच्याकडे नुसता शत्रू म्हणून बघता येत नाही. भूमिहीन घराची चूल बऱ्याचदा तिच्याच सरपणावर पेटते. तमिळनाडूत रामनाथपुरमकडे तिच्या लाकडाच्या कोळशावर कितीतरी कुटुंबं जगतात. काढायची मोहीम आखताना त्या घरांना आधी विचारलं पाहिजे.

आणि देशी बाभूळ जात्याच गरीब आहे असंही नाही. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडमध्ये मेंढ्यांना सावली आणि चारा मिळावा म्हणून ती नेली, तिथे तिने लाखो हेक्टर कुरणं गिळली. इथे तिचं बी खाणारे किडे आहेत, तोडणारे हात आहेत. तिथे तो धाक नव्हता.

येडी काढताना वरवर तोडू नये. खोडापासून ती दुप्पट जोमाने फुटते. जमिनीखाली वीत-दीड वीत खणून, मुळाचा फुटवे देणारा गड्डाच काढावा लागतो, तोही शेंगा पिकण्याआधी. मोकळ्या जागेत लगेच गवत पेरावं आणि पुढची काही वर्षं दर पावसाळ्यात फिरून कोवळी रोपं उपटावीत, कारण मातीत पडलेलं बी बराच काळ जिवंत राहतं.