लोन की ट्रान्सफर? भटक्या स्ट्रायकरचे क्लब मोजताना

उरुग्वेचा फुटबॉलपटू, स्ट्रायकर (गोल करण्याची मुख्य जबाबदारी असलेला आघाडीचा खेळाडू) सेबास्टियन अब्रेऊ बहुतेकांना आठवतो तो २०१० च्या विश्वचषकातल्या एका पेनल्टीमुळे. घानाविरुद्ध शूटआउटची निर्णायक किक होती आणि या पठ्ठ्याने चेंडू अलगद मधोमध तरंगवला. त्याचा सर्वाधिक क्लबांचा विक्रम गिनेस बुकात आहे. २०१७ च्या अखेरीस चिलीच्या ऑडॅक्स इटालियानोशी करार केला, तेव्हा तो त्याचा २६ वा क्लब होता. नंतर आणखीही झाले.

२६ क्लब म्हटलं की वाटतं, माणूस २६ वेळा विकला गेला. तसं झालेलं नाही. १९९८ मध्ये स्पेनच्या डेपोर्टिव्हो ला कोरुनाने त्याला घेतलं, ला लीगात (स्पेनच्या अव्वल लीगमध्ये) जेमतेम १५ सामने खेळवलं आणि मग ब्राझील, मेक्सिको, अर्जेंटिना असं लोनवर फिरवलं. जर्सी बदलत राहिली, मालक तोच. अशा भटक्या स्ट्रायकरची कारकीर्द वाचताना लोन आणि ट्रान्सफर यांची गल्लत होते ती इथेच.

लोन म्हणजे सरकारी खात्यातली प्रतिनियुक्ती समजा. मूळ क्लबाशी झालेला करार जिवंत राहतो, फक्त खेळाडूची नोंदणी ठरावीक मुदतीसाठी दुसरीकडे जाते. पगार कोणी किती द्यायचा हे दोन्ही क्लब आपसांत ठरवतात. ट्रान्सफरमध्ये जुना करार संपतो, नवा क्लब नवा करार करतो आणि जुन्याची मुदत शिल्लक असेल तर त्याबद्दल पैसे मोजतो. खेळाडूच्या दृष्टीने फरक मोठा आहे. ट्रान्सफरच्या टेबलावर त्याचा एजंट पगार, बोनस, वर्षं यांवर घासाघीस करू शकतो. लोनला त्याची संमती लागते खरी, पण मूळ क्लबात बाकावरच बसायचं असेल तर नाही म्हणून जाणार कुठे?

फ्रेंच स्ट्रायकर निकोलस अनेल्काचं उदाहरण घ्या. डिसेंबर २००१ मध्ये पॅरिस सेंट-जर्मेनने त्याला लिव्हरपूलला लोनवर दिलं. उरलेल्या मोसमात तो बरा खेळला, लीगमध्ये चार गोल झाले, आणि लिव्हरपूल त्याला कायमचं घेणार असंच सगळे धरून चालले होते. व्यवस्थापक जेरार हुलिए यांनी मात्र ऐन वेळी सेनेगलच्या एल-हाजी दियूफला पसंती दिली. अनेल्का तांत्रिकदृष्ट्या पॅरिसचाच होता, त्यामुळे लिव्हरपूलला एक पैसाही भरपाई द्यावी लागली नाही. मग मँचेस्टर सिटीने साधारण १ कोटी ३० लाख पौंड मोजून त्याला विकत घेतलं. यादीत लिव्हरपूल आणि सिटी एकाखाली एक दिसतात, पण एक निव्वळ चाचणी होती आणि दुसरी नोकरी. (हाच अनेल्का २०१४ मध्ये मुंबई सिटीकडे आला, पुढच्या वर्षी खेळाडू-व्यवस्थापकही झाला.)

लोनचा सर्वांत मजेदार पेच उभा राहतो तो मूळ क्लबच समोर आल्यावर. इंग्लंडच्या प्रीमियर लीगमध्ये लोनवरचा खेळाडू मूळ क्लबाविरुद्ध उतरू शकत नाही. युरोपीय स्पर्धांत तशी आडकाठी नाही, आणि ते रिअल माद्रिदला चांगलंच भोवलं. २००३-०४ मध्ये त्यांनी फर्नांडो मोरिएंतेसला मोनॅकोला लोनवर दिलं. चॅम्पियन्स लीगच्या उपांत्यपूर्व फेरीत नेमकी गाठ पडली. मोरिएंतेसने माद्रिदमध्ये गोल केला, मोनॅकोत पुन्हा केला आणि रिअल बाहेर! आपलाच माणूस आपल्यावर उलटल्याचं याहून झणझणीत उदाहरण मला तरी माहीत नाही. त्या मोसमात स्पर्धेतले सर्वाधिक गोलही त्याचेच.

भटक्या स्ट्रायकरला खरी कमाई करून देतो तो तिसराच प्रकार, फ्री ट्रान्सफर. बेल्जियमच्या जाँ-मार्क बॉस्मनच्या खटल्यात डिसेंबर १९९५ मध्ये युरोपीय न्यायालयाने निकाल दिला, त्याआधी करार संपला तरी जुना क्लब पैसे मागू शकत असे. आता करार संपला की खेळाडू मोकळा. नव्या क्लबाला किंमत मोजावी लागत नाही, म्हणून ते पैसे काही प्रमाणात साइनिंग बोनस आणि पगाराच्या रूपाने खेळाडूच्याच खिशात वळवता येतात. फुकटात गेला म्हणून कुणाची कीव करण्यात अर्थ नाही.

सीमारेषा पुसणारे सौदेही असतात. २०१७ मध्ये किलियन एमबापे मोनॅकोहून पॅरिसला गेला तो कागदावर लोनवर, पण पुढे १८ कोटी युरोंपर्यंतची खरेदी आधीच ठरलेली. ते लोन नावापुरतं. पैसे पुढच्या हिशेबवर्षात ढकलण्याची सोय. फिफाने, म्हणजे जागतिक फुटबॉल संघटनेने, जुलै २०२२ पासून लोनवर मर्यादा घातल्या. एका लोनची मुदत जास्तीत जास्त एक वर्ष, आणि लोनवर आलेल्याला पुढे तिसऱ्याकडे लोनवर पाठवायचं नाही.

आपल्याकडे हा फरक भारताचा स्ट्रायकर सुनील छेत्रीच्या क्लबांच्या यादीत स्पष्ट दिसतो. २००९ मध्ये गोव्याच्या डेम्पोत तो रीतसर करार करून आला. २०१३ मध्ये गोव्याच्याच चर्चिल ब्रदर्सकडे आला तो मात्र पोर्तुगालच्या स्पोर्टिंगकडून लोनवर, आणि आय-लीग (तेव्हाची देशातली अव्वल लीग) जिंकून गेला. पुढे तो बेंगळुरू एफसीकडे होता. २०१५ च्या आयएसएल (इंडियन सुपर लीग) लिलावात मुंबई सिटीने त्याच्यासाठी १ कोटी २० लाख रुपये लावले तेव्हा अनेकांना वाटलं, बेंगळुरूने त्याला विकला. प्रत्यक्षात आयएसएल तेव्हा जेमतेम तीन महिने चालायची, मग छेत्री बेंगळुरूकडून आय-लीग खेळायला परत. २०१६ मध्ये तर मुंबईला त्याची वाट पाहावी लागली, कारण आशियाई क्लबांच्या एएफसी कपची अंतिम फेरी बेंगळुरूला नोव्हेंबरमध्ये खेळायची होती आणि पहिला हक्क त्यांचाच. पुढच्या वर्षी बेंगळुरू स्वतःच आयएसएलमध्ये उतरली आणि छेत्री मुंबईत येऊ लागला तो पाहुण्या संघाचा कप्तान म्हणून.