सुपरचार्जर आहे म्हणून हवेची वाट अरुंद चालते?

"सुपरचार्जर हवा कोंबतोच, मग फिल्टर आणि थ्रॉटल बॉडी बदलून काय होणार?" जुन्या मसल कारच्या शौकिनांत हा समज वर्षानुवर्षं फिरतोय. तो चुकीचा आहे. सुपरचार्जर म्हणजे इंजिनाच्याच ताकदीवर फिरून त्यात हवा कोंबणारा पंप, आणि थ्रॉटल बॉडी म्हणजे आत जाणारी हवा कमी-जास्त करणारी झडप.

२००३-०४ ची फोर्ड मस्टँग कोब्रा घ्या. ४.६ लिटरचं व्ही-८ इंजिन, वर ईटनचा एम११२ सुपरचार्जर, कंपनीचा आकडा ३९० हॉर्सपॉवर. हा ब्लोअर (म्हणजे सुपरचार्जरच) दर फेरीला ११२ घनइंच, म्हणजे साधारण १.८ लिटर हवा ढकलतो. ठरलेलं असतं ते आकारमान, वजन नव्हे! थ्रॉटल बॉडी ब्लोअरच्या आधी बसते. तिथे वाट चिंचोळी असली की आत विरळ हवा येते. तेवढ्याच फेऱ्यांत ऑक्सिजन कमी मिळतो, शिवाय हवा जास्त तापते.

बूस्ट गेजची, म्हणजे कोंबलेल्या हवेचा दाब दाखवणाऱ्या मीटरची, गंमत वेगळीच. सिलिंडर हेडचे पोर्ट (सिलिंडरमध्ये हवा जायच्या-यायच्या वाटा) मोकळे केले की काटा उतरतो आणि मालक घाबरतो. पण बूस्ट म्हणजे इंजिनात न शिरता तुंबलेल्या हवेचा दाब. तो उतरूनही ताकद वाढू शकते.

मात्र बॉनेटखाली उघडा फिल्टर लावून गरम हवा ओढण्यात अर्थ नाही. आणि हवा मोजणाऱ्या सेन्सरची नळी मोठी केलीत, तर ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) आधी ट्यून करून घ्या. नाहीतर पेट्रोल कमी पडून पिस्टन जातील.