कॉक्लियातील प्रवासी तरंग

कानात शिरलेला आवाज अंतर्कर्णातल्या एका पातळ पटलावरून लाटेसारखा सरकत जातो, स्वराच्या पट्टीनुसार एका ठरावीक जागी सर्वांत उंच उठतो आणि तिथून थोड्याच अंतरात विरतो. या लाटेला प्रवासी तरंग म्हणतात. हंगेरियन भौतिकशास्त्रज्ञ गेऑर्ग फॉन बेकेशी (१८९९–१९७२) यांनी ती १९२८ मध्ये मांडली. या संशोधनासाठी त्यांना १९६१ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

कानाच्या पडद्याची थरथर हातोडी, ऐरण आणि रिकीब या तीन हाडांतून आत पोचते. रिकिबीच्या पलीकडे कॉक्लिया असते. गोगलगाईच्या शंखासारखी ही सुमारे अडीच वेढ्यांची, द्रवाने भरलेली पोकळी. तिच्यातून सुमारे ३५ मिलिमीटर लांबीचे बेसिलर पटल जाते. शंख टोकाकडे निमुळता होत जातो, पटल मात्र उलट रुंदावते. रिकिबीजवळ ते अरुंद आणि ताठ असते, टोकाशी रुंद आणि सैल. म्हणून पैंजणांचा बारीक नाद लाटेला सुरुवातीलाच उंच उचलतो, तर नगाऱ्याचा घुमारा पार टोकापर्यंत जातो. पटलावरच्या केशकोशिका, म्हणजे केसांसारखे बारीक धागे असलेल्या पेशी, त्या त्या जागची हालचाल टिपून मज्जातंतूंकडे पोचवतात.

बेकेशींच्या आधी जर्मन शास्त्रज्ञ हेर्मान फॉन हेल्महोल्ट्झ यांच्या सिद्धान्ताचा मोठा दबदबा होता. पटलातले तंतू पियानोच्या तारांसारखे ताणलेले असून प्रत्येक तंतू आपापल्या स्वराला झणझणतो, असे त्यांचे म्हणणे. कल्पना इतकी देखणी की ती खोडावी असे कोणालाही वाटू नये. बेकेशींनी पटलाला बारीक छेद दिला. ताणलेले कापड फाटले की त्याच्या कडा दूर सरकतात. इथे त्या जागच्या हलल्या नाहीत. पटलात ताणच नव्हता, मग तारांची उपमा टिकणार कशी?

बेकेशी कानाकडे वळले ते टेलिफोनमुळे. बुडापेस्टमध्ये डॉक्टरेट मिळाल्यावर ते हंगेरीच्या टपाल खात्याच्या प्रयोगशाळेत लागले. पहिल्या महायुद्धानंतरच्या हलाखीत चांगली उपकरणे असलेल्या मोजक्या जागांपैकी ती एक होती. टेलिफोन किती सुधारायचा हे ठरवायला कान किती चांगला आहे हे आधी कळायला हवे, या साध्या प्रश्नातून पुढचे सगळे काम उभे राहिले.

त्यांची पद्धत मुद्दाम सांगण्याजोगी आहे. मृतदेहातून काढलेले कानाचे हाड ते पाण्यात बुडवून ठेवत आणि पाण्याखालीच, सूक्ष्मदर्शकातून पाहत, कोरत. त्यामुळे नाजूक पटले सुकत नसत आणि हाडाचा भुगा वाहत्या पाण्याबरोबर निघून जाई. आतली पटले जवळजवळ पारदर्शक. त्यांची हालचाल दिसावी म्हणून रेश्नर पटलावर, म्हणजे कॉक्लियातल्याच दुसऱ्या एका पातळ पटलावर, चांदीचे सूक्ष्म कण टाकत. मग आवाज सोडायचा आणि त्याच्या लयीशी जुळवून उघडझाप करणारा दिवा लावायचा. त्या प्रकाशात वेगवान थरथर संथ भासे आणि चमकणाऱ्या कणांवरून लाट पुढे सरकताना डोळ्यांना दिसे. त्यांनी हत्तीचा कॉक्लियाही असाच तपासला. तोवर अंदाजाने बोलल्या जाणाऱ्या गोष्टीला त्यांनी डोळ्यांचा पुरावा दिला, हे त्यांचे सर्वांत मोठे काम मानायला हवे.

१९४६ मध्ये ते स्वीडनला आणि पुढच्या वर्षी अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात गेले. तिथे त्यांनी कॉक्लियाची मोठी प्रतिकृती केली: पाण्याने भरलेली प्लॅस्टिकची नळी. तिच्यावर माणसाने आडवा हात टेकवायचा. कंपन नळीभर पसरे, तरी हाताला ते एका लहानशा जागीच जाणवे. कंपनाची गती बदलली की ती जागाही हातावरून सरके. पटलावरची लाट पसरट असताना ऐकू येणारा स्वर इतका नेमका कसा, याचे उत्तर त्यांनी मज्जासंस्थेत शोधले. शेजारच्या क्षीण संवेदना दाबून टाकून ती ठळक संवेदनाच पुढे नेते, असा त्यांचा निष्कर्ष होता.

हे उत्तर अपुरे ठरले. बेकेशींचे कान मृत होते आणि लाट दिसावी म्हणून आवाजही प्रचंड मोठे वापरावे लागत. १९७१ मध्ये विल्यम ऱ्होड यांनी जिवंत माकडांच्या कानात मोजमापे घेतली, तेव्हा पटल हलक्या आवाजाला अपेक्षेपेक्षा कितीतरी जोरात प्रतिसाद देते असे आढळले. १९७८ मध्ये डेव्हिड केम्प यांनी कान स्वतःही क्षीण आवाज बाहेर टाकतो हे दाखवले. पुढे बाहेरच्या रांगांतल्या केशकोशिका आखडून-लांबून लाटेला जोर देतात हे उघड झाले, आणि स्वराचा नेमकेपणा बराचसा पटलावरच तयार होतो हे स्पष्ट झाले. लाट खरी होती. जिवंत कान तिला जी धार देतो ती मृत कानात दिसणे शक्यच नव्हते.

नवजात बाळांच्या श्रवणतपासणीत आज केम्प यांचाच शोध वापरला जातो. झोपलेल्या बाळाच्या कानात छोटी नळी बसवून हलका आवाज सोडतात आणि कानातून परत येणारा क्षीण प्रतिसाद टिपतात. ऐकू न येणाऱ्यांच्या कानात बसवल्या जाणाऱ्या कॉक्लियर इम्प्लांट या उपकरणात विद्युताग्रांची बारीक तार कॉक्लियात सरकवतात. उंच स्वरांचा संकेत रिकिबीजवळच्या अग्रांना आणि खालच्या स्वरांचा आतल्या अग्रांना दिला जातो. पटलावर लाट ज्या क्रमाने उंचावते, तोच हा क्रम.